राईतला पाचोळा झाडायचा का, आणि रानातली बाकीची पत्रं

शिमगा आटपला की पत्रांचा ढीग येतो हे आता ठरल्यासारखंच झालंय. चाकरमानी पालखीला गावाला जातात, दोन दिवस देवळाच्या आजूबाजूला हिंडतात, राईत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानात, डोकावतात, आणि परतीच्या गाडीत बसले रे बसले की मोबाइल काढून मला प्रश्न टाइप करायला घेतात. यंदा तर जवळजवळ सगळी पत्रं रानाबद्दलच, म्हणजे देवराई (कुणी तिला देवरहाटी म्हणतं) आणि तिच्या भोवतीचं जे काय असतं ते, सडा (वरचं कातळाचं पठार), वहाळ (ओढा), कलमं, वानर, चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण), सगळं. त्यामुळे कुंडीतला मोगरा का फुलत नाही वगैरे विचारणाऱ्या मंडळींनी एक महिना थांबा. मोगरा कुठं पळून जात नाही.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. गावच्या देवरहाटीत यंदा मे महिन्यात आम्ही मुंबई मंडळाची पोरं स्वच्छता मोहीम काढतोय. पाचोळा गुडघाभर साचलाय, पडलेली झाडं तशीच कुजतायत, वेली इतक्या माजल्यात की देऊळ बाहेरून दिसत नाही. वर्गणी बऱ्यापैकी जमली आहे. सगळं साफ करून पेव्हर ब्लॉक, बसायला बाकं, दोन हायमास्ट दिवे आणि मोकळ्या झालेल्या जागेत शोभेची झाडं असा प्लॅन आहे. झाडं कोणती लावू ते सांगा. (मंडळाचा सेक्रेटरी, सध्या नालासोपारा)

उत्तर : कोणतीच लावू नकोस. राग येईल माहितीये, वर्गणी गोळा करताना लोकांची काय काय बोलणी खावी लागतात तेही माहितीये, पण झाडं विचारलीस म्हणून खरं सांगतो, तुमच्या रहाटीत झाडांची कमी नाहीये, कमी झालीच तर ती तुमच्या मोहिमेनंतर होईल.

गुडघाभर पाचोळा साचलाय हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस, मला वाचून बरं वाटलं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कुठं त्याहून जास्त. तो उघड्या उतारावर पडला की पहिल्या पंधरा दिवसांत वरची माती वहाळात, वहाळातून खाडीत. पाचोळा म्हणजे मातीच्या डोक्यावरचं इरलं. आता गावाला गेलास की एक काम कर, झाडू न घेता एक काठी घे आणि पाचोळा एका जागी हळूच उकरून बघ. वरचा थर कुरकुरीत सुका असेल, त्याखालचा ओलसर आणि जाळी पडलेला, त्याखाली पांढरे बुरशीचे धागे, वाळवी, गांडुळं, वाणी, आणि सगळ्यात तळाला काळी भुसभुशीत माती, हातात घेतली तर पहिल्या पावसाचा वास येईल. वैशाखात, जेव्हा बाहेर सड्यावर पाय टेकवत नाही तेव्हा. ही माती कुणी विकत आणून टाकलेली नाही, शेकडो वर्षं कुणी झाडलं नाही म्हणून ती झालीय. आणि काठीनंच उकरायचं बरं का, हात घालायचा नाही, फुरसं असतं.

पडलेल्या झाडाचंही तेच. आपल्याला वाटतं एवढं लाकूड वाया चाललं. पण त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात, त्यांच्यासाठी सुतार पक्षी येतो, आणि झाड पडून वर जे आभाळ उघडं झालं त्याच्या उजेडात खाली दहा वर्षं खुरटून बसलेली रोपं एकदम उसळी घेतात. जुनी माणसं राईतली वाळकी काटकीसुद्धा देवाला कौल लावल्याशिवाय उचलत नव्हती, कित्येक गावांत अजूनही नाही उचलत. आणि वेली. त्यात एखादी मांडीएवढी जाड असेल आणि हातभर किंवा त्याहून लांब चपट्या शेंगा लोंबत असतील तर ती गारंबी, ती तुझ्या पणजोबांनी पण बघितली असणार, तिला कोयता लावणारा तुमच्यातला वीर कोण आहे तो मला कळू दे.

शोभेच्या झाडांबद्दल बोलायचा मला हक्क आहे कारण मी हे पाप करून बसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी, शाळेत होतो तेव्हा (शिकवायला, शिकायला नाही), मुलांना घेऊन आमच्या राईच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लावली, भराभर वाढली, फोटो काढले, सगळे खूश. आज तिथे त्या बाभळीची पानं पडून असा थर झालाय की त्यातून कुडा उगवत नाही की करवंद. पन्नास पावलांवर खरी राई आहे, तिथून अंजनीचं, जांभळाचं बी येऊन पडतं, पण रुजतच नाही. तेव्हापासून कुणी रोपं वाटायला आलं की मी आधी विचारतो, कुठली.

आता कायद्याचं. रत्नागिरी जिल्ह्यात बऱ्याच देवरहाटींच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून महाराष्ट्र शासन असतं, देवस्थान नसतं, गावही नसतं. ते आधी तलाठ्याकडे बघून घ्या. शिवाय सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन केसमध्ये १९९६ साली सांगितलंय की जंगल म्हणजे शब्दकोशात जे जंगल ते, मालकी कुणाचीही असो. म्हणजे पेव्हर ब्लॉक टाकून, झाडं पाडून बसलात आणि उद्या कुणी अर्ज केला तर वर्गणीसकट मंडळाला तालुक्याच्या फेऱ्या. आणि हे सगळं बाजूला ठेव, गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारलंयत का? तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून विचारतो.

पैसे जमलेतच तर असे घाला. एक, कचरा उचला, पण खरा कचरा, गुटख्याच्या पुड्या, अगरबत्तीची पाकिटं, नारळाच्या पिशव्या, जेवणावळीच्या थर्माकोलच्या पत्रावळी. दोन-चार गोणी सहज निघेल. दुसरं, हद्दीचा पडका गडगा जांभ्याचा परत रचून घ्या, बाहेरच्या अंगानं, म्हणजे काजूवाल्यांचं कुंपण दरवर्षी हातभर आत सरकतं ते थांबेल. आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, कागदावर तरी असतेच, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमची रहाटी नीट लिहून घ्या, कुठली झाडं, कुठला झरा, कुणाचा मान, कुठलं झाड शिमग्याला चालतं कुठलं नाही. म्हाताऱ्यांना बसवून विचारा. हे काम मुंबईच्या पोरांना छान जमेल, टायपिंग येतं तुम्हाला. हायमास्टचं शेवटच्या पत्रात सांगतो.

प्रश्न : देवराई वगैरे ही शेवटी अंधश्रद्धाच ना? देव कोपेल म्हणून झाड तोडायचं नाही, यात विज्ञान कुठे आहे? (एफवायबीएससी, पुणे)

उत्तर : भीती होतीच, नाकारण्यात अर्थ नाही, लहानपणी राईजवळनं जाताना आम्ही पळतच जायचो. पण नियम बघ कसले आहेत. गावाला रोज पाणी देणारा झरा जिथे आहे नेमकं तिथलंच रान देवाचं, बाकीचं माणसांचं. हा योगायोग एका गावात असता तर सोडून दिला असता. तुझ्याच शहरातले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ या दोघांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून त्यांच्या नोंदी केल्या आणि वनस्पतिशास्त्राच्या भाषेत त्यावर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की हे काय प्रकरण आहे. लायब्ररीत जाऊन त्यांचे पेपर काढून वाच. आणि देव मानायचा की नाही ते तुझं तू ठरव, झाडाला त्यानं फरक पडत नाही, कोयत्यानं पडतो.

प्रश्न : आमच्या राईतला झरा आजवर कधी आटला नव्हता. गेली तीन वर्षं होळीनंतर धार बारीक होते आणि यंदा तर चैत्रातच बंद पडली. राई तशीच आहे, एक झाड तुटलेलं नाही. मग पाणी गेलं कुठे? काही जण म्हणतात देवाचं काहीतरी चुकलं. (राजापूर तालुका)

उत्तर : राई तशीच आहे, पण राईच्या वरचा सडा तसाच आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो की वर चिरेखाण सुरू झाली असणार, नाहीतर कुणीतरी मोठी बोअर मारली असणार.

आपल्या सड्याचं पाणी कसं चालतं ते समजून घ्या. जांभा दगड स्पंजासारखा, सगळा भोकाभोकांचा. सड्यावर पडलेला पाऊस वरून वाहून जातो असं दिसतं पण त्यातला बराचसा जांभ्यात मुरतो, खाली खाली जातो, आणि जांभ्याच्या तळाला शेडी लागते ना, ती पांढरट-पिवळट चिकट माती, तिथे अडतो. खाली जाता येत नाही म्हणून आडवा सरकत सरकत सड्याच्या कडेला, उतारावर कुठेतरी बाहेर फुटतो. तो फुटतो तिथे तुमची राई. म्हणजे राई पाण्याची राखण करते हे खरं, पण पाण्याची टाकी राईत नाहीये, ती वरती सड्यात आहे. चिरेखाण म्हणजे त्या टाकीलाच पाडलेलं भगदाड. खाण शेडीपर्यंत गेली की जे पाणी सहा महिन्यांत थेंब थेंब उतरलं असतं ते खड्ड्यात गोळा होतं, पंपानं उपसतात नाहीतर उन्हानं जातं.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची गोष्ट वर्तक-गाडगीळांनीच लिहून ठेवलीय. तिथली राई तुटणार असं कळल्यावर गावकरी या दोघांकडे आले होते, म्हणणं साधं होतं, बारमाही वहाळ तिथून निघतो, राई गेली तर आम्ही पाणी कुठलं प्यायचं. राई वाचली. तुमच्याकडे अडचण अशी की राईला कोण हातच लावत नाहीये, सडा मात्र कुणाच्या तरी मालकीचा आहे, आणि सड्याला देव नाही. कातळाला बिनकामाचा समजतात ना सगळे. त्याच कातळावर बारसू, कशेळी, उक्षी इथे कातळशिल्पं निघाली आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा कुठे लोकांनी चप्पल काढून सड्यावर चालायला सुरुवात केली.

करायचं काय ते सांगतो. उरलेल्या झऱ्यांवर दर आठवड्याला एक कळशी भरायला किती वेळ लागतो तो मोजा, मोबाइलच्या स्टॉपवॉचनं, आणि तारखेसकट वहीत लिहा. दोन वर्षांची अशी वही असेल तर ग्रामसभेत ठरावाला वजन येतं, नाहीतर खाणवाला म्हणणार पाऊसच कमी झाला. खाणीच्या परवानगीचे कागद तहसीलदार कार्यालयात मागा, किती खोल जायची मुभा आहे ते वाचा आणि दोरी घेऊन स्वतः खोली मोजा. आणि देवाचं काही चुकलेलं नाही हो. त्याला का मध्ये ओढताय.

प्रश्न : लांज्याजवळ आमचं सामाईक रान आहे, पाच एकर. मोठ्या भावानं ते व्यापाऱ्याला उक्तं तोडीला द्यायचं ठरवलंय. त्यात एक जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीजवळ एक भलामोठा पक्षी दिवसातून चार-पाच वेळा येऊन भोकात चोच घालतो, फळं देत असावा. गावात काही जण त्याला गरुड म्हणतात. आत कोण आहे? आणि झाड वाचवायचं तर भावाशी भांडण न करता काय करता येईल? (एक बहीण, ठाणे)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आत त्याची बायको आहे.

तो गरुड नव्हे, धनेश. पिवळी मोठी चोच आणि तिच्यावर शिंगासारखी दुसरी चोच असते तो. खूप मोठा, गिधाडाएवढा असेल आणि उडताना जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा फुस्स फुस्स आवाज लांबून येत असेल तर महाधनेश. थोडा लहान, काळापांढरा, वरच्या शिंगावर काळा डाग असेल तर मलबारी कवड्या धनेश. दोघांचीही तऱ्हा सारखी. थंडी सरता सरता मादी ढोलीत शिरते आणि स्वतःला आत लिंपून घेते, विष्ठा, फळांचा चोथा, मिळेल ती माती लावून तोंड बुजवते, फक्त चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. मग आत अंडी घालते आणि तिथेच उडायची पिसं झाडून टाकते, म्हणजे आता तिला मनात आलं तरी उडता येत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवायचे, हिचं त्याहून लांबतं. या सगळ्या काळात तिचं, आणि पिल्लं झाली की त्यांचंही पोट त्या एका नराच्या खेपांवर. उंबर, पायर, वड, अशी फळं तो घशात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. तो कुठे मेला तर आतली सगळी उपाशी मरू शकतात. आणि झाड पडलं तर बोलायलाच नको.

बेहडाच का, तर धनेशाला स्वतः भोक पाडता येत नाही, सुताराला येतं तसं. फांदी मोडून, आतून कुजून, पन्नास-शंभर वर्षांत आपोआप झालेली ढोली त्याला लागते आणि अशी ढोली म्हातारा बेहडा, म्हातारा आंबा, सातवीण यांच्यातच मिळते. एकदा पसंत पडली की वर्षानुवर्षं तीच. व्यापाऱ्याच्या हिशोबात मात्र पोकळ झाड म्हणजे जळाऊ, फुकटात धरतो.

इथेच तुमची वाट आहे बघा. भावाला सांगा सगळं रान देऊ नको असं नाही, हा बेहडा आणि आजूबाजूचे उंबर-पायर एवढे वगळून बोली कर, पोकळ बेहड्याचे आणि चीक गळणाऱ्या उंबराचे असे कितीसे येणार आहेत. आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत धरून चाला, त्या भागात करवत चालवायचीच नाही. ही बोली तोंडी ठेवू नका, करारात झाडाला नंबर घालून लिहा, झाडावर चुन्याचा पट्टा मारा. कायदा तुमच्या बाजूला आहेच, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं धनेश पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचं घरटं मोडणं म्हणजे शिकारच धरतात. शिवाय १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर असल्या झाडांना परवानगी लागते, आणि सातबारा सामाईक असेल तर तुमच्या सहीशिवाय प्रकरण सरळ जाणार नाही. पण सहीचा धाक पहिल्या दिवशी दाखवू नका. आधी भावाला सकाळी सात वाजता त्या बेहड्यापासून लांबशा जागी घेऊन बसा, चहाचा थर्मास न्या, नर येऊन जाईपर्यंत काही बोलू नका. आमच्याकडे एका सख्ख्या चुलत्याचं मन असंच वळलं होतं, नंतर तोच येणाऱ्याजाणाऱ्याला झाड दाखवायला लागला, जशी काही त्यानंच अंडी घातली.

प्रश्न : दोडामार्गकडचो आमचो गाव. राईच्या कडेला काल एक माकड मेलेलं पडलेलं आहे. आम्ही दरवर्षी गोठ्यात अंथरायला राईच्या बाहेरचा पातेरा (पाचोळा) गोळा करतो. करू का यंदा? (गृहिणी)

उत्तर : थांबा. तुमचं पत्र अंकाची वाट न बघता मी फोनवर उत्तर दिलंय, पण इतरांसाठी इथेही देतो.

माकडाला हात लावायचा नाही, काठीनं ढोसायचं नाही, कुत्रं सोडायचं नाही. वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला, दोन्हीकडे कळवायचं. तुमच्या तालुक्यात २०१६ पासून माकडताप माहीत आहे. हा विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो मुख्यतः गोचिडीमार्फत येतो, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पातेऱ्यात पसरतात. मार्गशीर्षापासून पाऊस पडेपर्यंत जास्त जोर. त्यामुळे त्या भागातला पातेरा यंदा नको, गोठ्यात भाताचा पेंढा वापरा. काजू गोळा करायला जावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात मोजे, आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे लगेच भिजत घाला. आठवड्याभरात कुणाला एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग फोडून काढल्यासारखं दुखणं असं झालं तर मनानं पेनकिलर घेऊ नका, डॉक्टरला आधी सांगा की आम्ही रानात गेलो होतो. हे न सांगितल्यामुळे साधा ताप समजून दिवस जातात.

(आणि हो सेक्रेटरी साहेब, पाचोळा न हलवायचं हे आणखी एक कारण तुमच्यासाठी.)

प्रश्न : सासूबाई म्हणतात राब भाजल्याशिवाय तरवा (भाताची रोपं) जोमात येत नाही. मुलगा शेतकी कॉलेजात आहे, तो म्हणतो भाजणं म्हणजे प्रदूषण आणि जंगलतोड. मी कुणाचं ऐकू? (चिपळूण)

उत्तर : दोघंही खरं बोलतायत, घरात शांतता ठेवायची तर एवढंच सांगा आणि चहा टाका.

सासूबाईंचं खरं असं की वरकस जमिनीच्या त्या तुकड्यावर कवळ (तोडलेल्या फांद्या), गवत, शेण, माती असं थरानं रचून वैशाखात भाजलं की तणाचं बी मरतं, राख मिळते, पहिल्या पावसाला रोपं तणाशी न झगडता वर येतात. मुलाचं खरं असं की त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळीच्या फांद्या शेंड्यापर्यंत सवाळल्या तर झाडाचा खांब होतो, सावली जाते, फुलोरा जात नाही तर काय. पूर्वी एका वर्षी तोडलेल्या झाडाला पुढची दोन-तीन वर्षं हात लावत नसत, ते आता रान कमी झाल्यानं पाळलं जात नाही. तुमचा तरवा केवढा असतो, दोन गुंठे? तेवढ्यावर पावसाआधी पाणी मारून तण उगवू द्यायचं आणि उपटून टाकायचं, गादीवाफा करून शेणखत आणि भाताच्या तुसाची राख घालायची, असं एका कोपऱ्यात करून बघा. बाकी जागेत सासूबाईंचा राब. श्रावणात दोन्ही बघून कोण जिंकलं ते ठरवा. एक मात्र, भाजायचं ते दुपारी वाऱ्यात नाही, आणि भोवती चार हात जागा खरवडून. आपल्याकडचे बरेचसे वणवे देवानं नाही, असल्याच कुणीतरी निष्काळजीपणे लावलेल्या काडीनं सुरू होतात आणि शेजाऱ्याचं काजू होरपळलं की मग पुढची दहा वर्षं बोलणं बंद.

प्रश्न : आंबोलीजवळ अकरा गुंठ्यांचा ‘फॉरेस्ट टच’ प्लॉट मिळतोय. एजंट म्हणतो मागे जंगल, बाजूला धबधबा, भाव पुढच्या वर्षी डबल. घेऊ का? (आयटी, हिंजवडी)

उत्तर : फॉरेस्ट टच म्हणजे काय हे आधी त्याला विचारा, कधी कधी टच इतका जवळचा असतो की प्लॉटच फॉरेस्ट निघतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘खाजगी वन’ किंवा ‘कलम ३५’ असलं काही लिहिलंय का ते बघा, १९७५च्या खाजगी वन कायद्यानं पुष्कळ जमिनी सरकारजमा झाल्यात आणि त्यांची भांडणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलीत. जुने फेरफार काढा, वकिलाला दाखवा, एजंटच्या वकिलाला नाही. शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. आणि आंबोलीला राहायला बांधायचंच कशाला हो. त्या हिरण्यकेशीच्या पाण्यात एक इटुकला मासा राहतो, दुसरीकडे कुठं न सापडलेला, त्याच्यासाठी ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ केली. तो भाडं भरत नाही पण पहिला रहिवासी तो.

प्रश्न : वानरांनी जगणं नकोसं केलंय. केळी, फणस, भाजी काही ठेवत नाहीत. तुम्ही लोक राई वाचवा राई वाचवा म्हणता, ही वानरं तिथूनच येतात. यावर काय ते लिहा. (त्रस्त बागायतदार, देवगड)

उत्तर : तुम्ही चिडलाय आणि चिडायला हवंच, कलमाखाली बसून फळ मोजणाऱ्याला जंगलावर प्रेम करायचे धडे शहरातल्यानं देऊ नयेत. माझ्याकडे जालीम उपाय नाही. फटाके, फडकी, आरसे, सगळं पंधरा दिवस चालतं, मग त्यांना कळतं. कुत्रा आणि माणूस दोन्ही हजर असले तरच जरब बसते, आणि माणूस आता गावात राहिलाय कुठे, वाडीत दहा घरांत मिळून सहा म्हातारे.

राईतून येतात हे मात्र अर्धंच खरं. राई एक-दोन एकराची, तेवढ्यात कळप पोसत नाही, कधीच पोसत नव्हता. ते पोसले जायचे राईच्या भोवतीच्या खाजगी रानात, ऐन, कुंभा, आंबुळकी, करवंदं, रायवळ आंबे. ते रान आपण उक्तं विकलं, तिथे एकजात काजू आणि हापूस लावला. आता ती खायला येणार तरी कुठे. नुकसानीचा अर्ज मात्र लगेच करा, फोटो काढून ठेवा, पंचनामा लांबला की काही हाती लागत नाही. आणि देवळात येणाऱ्यांना सांगा की वानरांना केळी, बिस्किटं घालू नका. मारुतीचा अवतार म्हणून शनिवारी खायला घालायचं आणि रविवारी माझ्या नावानं पत्र लिहायचं, दोन्ही कसं जमणार.

प्रश्न : मी सहावीत आहे. मे महिन्यात मामाकडे गेलो की रात्री झाडावर काजवे दिसतात. सगळे एकदम पेटतात आणि एकदम विझतात. त्यांना कोण सांगतं? गेल्या वर्षी देवळाजवळच्या झाडावर नव्हते, वहाळाजवळ होते. असं का? (सातारा)

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा, म्हणून शेवटी ठेवला.

कुणी एक जण सांगत नाही. झाडावर जे चमकत असतात ते बहुतेक नर असतात. प्रत्येक जण शेजाऱ्याचा उजेड बघतो आणि आपला त्याच्याशी जुळवून घेतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याशी, असं करत करत सगळं झाड एका तालात येतं. तुम्ही वर्गात टाळ्या वाजवायला लागलात की सुरुवातीला गोंधळ असतो आणि मग आपोआप एक ठेका पडतो ना, तसंच. मादी फांदीवर किंवा खाली गवतात बसलेली असते, तिला आवडलेल्याला ती बारीक लुकलुकून उत्तर देते. तो उजेड पोटातल्या एका रसायनाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार होतो आणि तो जवळजवळ थंड असतो, बल्बसारखी उष्णता त्यात नाही. हे बघायला लोक भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इकडे मेच्या शेवटाला आणि जूनच्या सुरुवातीला गर्दी करतात, तुला मामाकडेच दिसतं, नशीबवान आहेस.

आता देवळाजवळ का नव्हते. मामाला विचार की तिथे गेल्या वर्षी नवीन मोठा दिवा लागला होता का. मला वाटतं लागला असणार. नराचं चमकणं मादीला दिसायला अंधार पाहिजे, हायमास्टखाली ते म्हणजे लाउडस्पीकरसमोर कुजबुजल्यासारखं. दुसरं असं की काजवा उडताना आपल्याला थोडेच दिवस दिसतो, त्याआधीचे कित्येक महिने तो अळी असतो, आणि ती अळी पाचोळ्याखाली ओल्या मातीत राहते, शंखातल्या गोगलगायी खाते. कुणी देवळाभोवतीचा पाचोळा झाडून जाळला असेल तर त्या वर्षीचे काजवे आदल्या वर्षीच त्यात गेले. नालासोपाऱ्याचा एक दादा आहे, त्याचं पत्र वर छापलंय, त्याला मी हे सांगणारच होतो, तू माझं काम सोपं केलंस.

या वेळी गेलास की अंधारात दहा मिनिटं नुसता उभा राहा, मोबाइल मामाकडे ठेव, टॉर्चसुद्धा नको, पायात बूट मात्र पाहिजेत आणि मोठं माणूस बरोबर. डोळे अंधाराला सरावले की वहाळाच्या बाजूला खाली जमिनीवर, पाचोळ्यात, न हलणारे हिरवट ठिपके दिसतील. वर उडणारे नव्हेत, खालचे. ते मोजून मला कळव, किती होते ते.